मडकं, उगालदान आणि तोंडातलं पाणी

ज्वारीच्या भाकरीचा एक कोरडा घास तोंडात घ्या. सोबत कोरड्यास नको, ठेचा नको, दूधही नको. गिळायची घाई न करता तो तीस-चाळीस वेळा चावा. थोड्या वेळानं जिभेला अंधूकशी गोडी जाणवायला लागेल. पिठात कुणी साखर कालवलेली नव्हती. ती गोडी तुमच्याच तोंडानं तयार केली. आमच्या हिंगोली-परभणीकडचा माणूस ही गोडी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून आहे. पण ती येते कुठून, हे कागदावर यायला १८३१ साल उजाडावं लागलं. लॉइक्स नावाच्या जर्मन संशोधकानं शिजवलेल्या पिष्टात, म्हणजे आपल्या खळीसारख्या लगद्यात, माणसाची लाळ मिसळली आणि पिष्टाची साखर होते हे दाखवून दिलं.

१८३१ हे साल मी जरा ठासून सांगतो आहे. आपल्याकडे तेव्हा पेशवाई बुडून अवघी तेरा वर्षं झाली होती. त्या पेशवाईच्या राजधानीत, पुण्यात, अस्पृश्य ठरवलेल्या माणसाला गळ्यात मातीचं मडकं अडकवून हिंडावं लागे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या न झालेल्या भाषणात हे नोंदवून ठेवलं आहे. लाहोरच्या मंडळानं ते भाषण होऊ दिलं नाही, म्हणून बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. मडकं कशासाठी? तर त्या माणसाची थुंकी जमिनीवर पडू नये, आणि पडलीच तर तिच्यावर नकळत पाय पडून दुसरा कुणी विटाळू नये. लॉइक्सच्या भांड्यात आणि पुण्याच्या त्या मडक्यात एकच रस होता. एकीकडे त्यानं पिष्टाची साखर होत होती, दुसरीकडे माणसाचा विटाळ होत होता.

आता दुसरं एक भांडं पाहा. आपला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. त्या राज्यातल्या बीदरची कारागिरी जगभर नावाजलेली: जस्त-तांब्याच्या मिश्र धातूवर चांदीची नक्षी. हुक्क्याचे पेले, पानदान, सुरया आणि उगालदानसुद्धा. उगालदान म्हणजे पिकदाणी. नवाब-जहागीरदार विडा चघळून ज्यात पिंक टाकत, ते हे भांडं. आज जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत बिदरी पिकदाण्या काचेच्या कपाटात मांडून ठेवलेल्या आहेत. गळ्यातलं मडकं मात्र मी कुठल्या कपाटात पाहिलेलं नाही. एकाच्या थुंकीला चांदीची वेलबुट्टी आणि दुसऱ्याच्या थुंकीला कुंभाराचं खापर. त्या रसानं असा काय फरक केला होता, हे विचारायला हरकत नाही. उत्तर शरीरात शोधायचं, तर जरा आत शिरावं लागेल.

लाळ करणाऱ्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या असतात. सगळ्यात मोठी जोडी कानाच्या पुढं, गालाच्या मागच्या अंगाला. गालगुंड झालं की फुगते ती हीच. दुसरी जोडी खालच्या जबड्याच्या आतल्या बाजूला आणि तिसरी जिभेखाली. शिवाय ओठांच्या, गालांच्या आतल्या अस्तरात शेकडो बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. सूक्ष्मदर्शकाखाली या ग्रंथी द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात. प्रत्येक मण्यात पेशींचं एक कडं, मधे पोकळी, आणि त्या पोकळीतून निघालेली बारीक नळी. अशा नळ्या एकमेकींना मिळत मिळत शेवटी एक मोठी नळी तोंडात उघडते. कानापुढच्या ग्रंथीची लाळ पाण्यासारखी पातळ, जिभेखालचीची चिकट, आणि जबड्याखालचीची मिश्र. पेशीतून रस निघतो तेव्हा तो जवळपास रक्तातल्या पाण्याइतकाच खारट असतो. नळ्यांच्या भिंती त्यातलं मीठ वाटेतच काढून घेतात. म्हणून आपल्याला आपली लाळ खारट लागत नाही, आणि भाजीतलं मीठ मात्र लगेच कळतं. दिवसाकाठी अशी लीटरभर, कधी दीड लीटरपर्यंत लाळ तयार होते. शंभरातले नव्व्याण्णव भाग पाणी; उरलेल्या एका भागात पिष्ट फोडणारं विकर, घास निसरडा करणारा चिकट पदार्थ, दात जपणारे क्षार आणि जंतूंना मारणारी द्रव्यं.

ती मोठी नळी सापडली तो किस्सा फार सुरेख आहे. १६६० सालचा एप्रिल महिना. नील्स स्टेनसन हा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी अ‍ॅम्स्टरडॅममध्ये शिकत होता. त्यानं मेंढीचं डोकं आणलं आणि एकटाच ते सोलत बसला. गालातल्या एका बारीक वाटेत त्यानं सळई सारली, ती सरकत गेली आणि एकदम दातांवर खटकन आपटली. कानापुढच्या ग्रंथीची नळी वरच्या दाढेसमोर तोंडात उघडते, हे त्या आवाजानं त्याला सांगितलं. (इकडे त्याच दिवसांत शिवाजी महाराज पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले होते, म्हणजे काळाचा अंदाज येईल.) ज्याच्या घरी तो शिकत होता त्या गुरूनं शोधावर आपला हक्क सांगितला, मोठं भांडण झालं, पण नळीला नाव मिळालं ते या पोराचंच. पुढं तो खडकांच्या थरांचा अभ्यास करून भूगर्भशास्त्राचा एक जनक ठरला आणि शेवटी कॅथलिक बिशप झाला.

नळी कळली, पण पाणी केव्हा सुटतं आणि केव्हा आटतं हे कळायला आणखी दोनशे वर्षं गेली. १८५१ साली कार्ल लुडविग यांनी दाखवलं की जबड्याखालच्या ग्रंथीकडे जाणारी मज्जा चेतवली की लाळ वाहते, आणि नळीतला दाब रक्ताच्या दाबापेक्षाही वर जातो. म्हणजे लाळ ही रक्तातून नुसती गाळून पडणारी चीज नव्हे. ग्रंथीच्या पेशी राबून ती बनवतात. आपल्या मराठीला हे आधीच माहीत असावं असं मला तरी वाटतं. चिंच पाहिली की ‘तोंडाला पाणी सुटतं’, आणि दारात फौजदार उभा राहिला की ‘तोंडचं पाणी पळतं’. भीतीच्या वेळी शरीराच्या दुसऱ्या मज्जा जोर धरतात आणि पातळ लाळ थांबते. ओठ चिकटतात, जीभ टाळूला लागते. रमजानच्या दिवसांत असरच्या नमाजेनंतर तोंड कसं होतं ते रोजा धरणाऱ्याला विचारा. आणि मगरिबच्या अजानीआधी समोर खजूर ठेवलेला नुसता दिसला, तरी त्या कोरड्या तोंडात पाझर फुटतो. रशियाचे पाव्हलॉव्ह यांनी कुत्र्यांवर हेच मोजलं. लोकांना त्यांची घंटी तेवढी आठवते. पण १९०४ सालचं नोबेल त्यांना मिळालं ते पचनाच्या कामासाठी, आणि त्या कामाचा मोठा भाग होता तोंडापासून बराच खाली असलेल्या एका ग्रंथीचा. तिचं नाव स्वादुपिंड.

स्वादुपिंड म्हणजे लाळग्रंथीची पोटातली थोरली बहीण. तीच द्राक्षाच्या घडासारखी ठेवण, तेच मणी, त्याच मिळत जाणाऱ्या नळ्या. जठराच्या मागं आडवी पडलेली, वीतभराहून कमी लांबीची, शंभर ग्रॅमच्या आतबाहेर वजनाची. तिचं डोकं लहान आतड्याच्या पहिल्या वळणात टेकलेलं, शेपटी प्लीहेपाशी. आपण तिला ओळखतो ते मधुमेहामुळे, इन्सुलिनमुळे. पण इन्सुलिन करणारी बेटं या ग्रंथीत शंभरात एक-दोन भाग भरतात. बाकी सगळा पसारा पाचकरस करण्याचा. १९२१-२२ साली टोरांटोला इन्सुलिन सापडलं आणि त्या एक-दोन भागांचा इतका बोलबाला झाला, की उरलेला कारखाना सामान्य माणसाच्या ध्यानातच राहिला नाही.

तसं पाहिलं तर आपल्या भाषेनंही तिला उशिराच नाव दिलं. काळीज, आतडी, फुप्पुस, पाणथरी हे शब्द ओव्यांत आहेत, शिव्यांत आहेत, खाटकाच्या दुकानात आहेत. स्वादुपिंड कुठंच नाही. आयुर्वेदात ‘क्लोम’ नावाचा अवयव आहे. काही जण तो हाच मानतात, काही वैद्य त्यांना खोडून काढतात. माझ्या घरच्या उर्दूत याला लबलबा म्हणतात. इंग्रजीत या अवयवाचं मांस ‘स्वीटब्रेड’ म्हणून विकलं जातं. स्वादु-पिंड आणि स्वीट-ब्रेड हे दोन शब्द शेजारी ठेवले की ते एकाच घरातले वाटतात. मला या शब्दाची गोडी आहे, पण दवाखान्यात डॉक्टर ‘स्वादुपिंडाला सूज आहे’ म्हणतात तेव्हा समोरच्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर काही उमटत नाही, हेही खरं.

युरोपातही त्याची हीच गत होती. ग्रीक वैद्य गॅलेन यांना ती जठरामागच्या रक्तवाहिन्यांना आधार देणारी गादी वाटली, आणि जवळपास दीड हजार वर्षं सगळ्यांनी ते मान्य केलं. २ मार्च १६४२ रोजी इटलीतल्या पदुआ इथं योहान गेओर्ग व्हिर्सुंग या जर्मन शरीरशास्त्रज्ञानं फाशी दिलेल्या एका माणसाचं शव उघडलं. स्वादुपिंडाच्या पोटातून आरपार जाणारी एक नळी त्याला दिसली. ती रोहिणी की नीला, हे त्याला ठरवता येईना. कारण तिच्यात रक्त सापडत नव्हतं. त्यानं तिचं चित्र तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, छापलं आणि युरोपातल्या मोठ्या मोठ्या वैद्यांना पाठवून विचारलं की हे आहे तरी काय. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका रात्री त्याच्या घराच्या दारात कुणीतरी त्याला गोळी घालून ठार केलं. नळीला आजही त्याचंच नाव आहे.

१६६४ साली हॉलंडच्या तरुण रेनिए द ग्राफनं कुत्र्याच्या त्या नळीत बदकाच्या पिसाची पोकळ दांडी बसवली आणि थेंब थेंब रस बाटलीत धरला. पण रस करतो काय? ते उलगडलं फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी, १८४८-४९च्या सुमारास, आणि तेही सशामुळे. सशात पित्ताची नळी आतड्यात वर उघडते आणि स्वादुपिंडाची बरीच खाली. बर्नार यांनी सशाला चरबी खाऊ घातली. जिथं फक्त पित्त मिळालं होतं तिथवर आतड्याच्या बाहेरच्या बारीक वाहिन्या साध्याच होत्या. स्वादुपिंडाचा रस मिळाला त्याच्या पुढं त्या दुधासारख्या पांढऱ्या झाल्या. म्हणजे तूप-तेल पचवायचं तर हा रस हवाच. पिष्ट आणि मांस-डाळीतली प्रथिनंही तो फोडतो. शिवाय तो अल्कधर्मी असल्यामुळे जठरातून उतरलेल्या आम्लाची धार मारतो.

मांस पचवणारा रस ज्या ग्रंथीत तयार होतो, ती ग्रंथीही मांसाचीच. मग ती स्वतःला खात कशी नाही? कारण प्रथिनं फोडणारं विकर तिथं म्यानातल्या तलवारीसारखं असतं. आतड्यात उतरल्यावर तिथलं दुसरं एक विकर त्याचं म्यान उतरवतं. पित्ताचा खडा वाटेत अडकला किंवा दारूनं पेशींची नासाडी केली, की तलवार घरातच उपसली जाते. स्वादुपिंडाची तीव्र सूज म्हणतात ती हीच. पोटातून पाठीत जाणारी ती कळ ज्यानं सोसली, त्याला तिचं वर्णन करायला सांगू नये.

आता कुत्र्याची गोष्ट. लाळ आणि स्वादुपिंड या दोन्हींचं शास्त्र कुत्र्याच्या अंगावर लिहिलं गेलं आहे, तेव्हा ती टाळता येत नाही. १६ जानेवारी १९०२ रोजी लंडनला बेलिस आणि स्टार्लिंग या मेहुण्या-मेहुण्यांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका वळ्याच्या सगळ्या मज्जा तोडल्या आणि त्यात आम्ल सोडलं. निरोप न्यायला मज्जा उरलीच नव्हती, तरी स्वादुपिंडातून रस वाहू लागला. म्हणजे निरोप रक्तातून गेला होता. त्या निरोप्याला त्यांनी ‘सिक्रेटिन’ म्हटलं, आणि अशा सगळ्या निरोप्यांसाठी १९०५ साली स्टार्लिंग यांनी ‘हॉर्मोन’ हा शब्द वापरला. आज प्रत्येकाच्या तोंडी असलेला हा शब्द स्वादुपिंडाच्या पायी जन्मला. पाव्हलॉव्ह यांची सगळी मदार मज्जांवर होती. त्यांच्याच प्रयोगशाळेत हा प्रयोग करून पाहिला गेला आणि तो खरा निघाला. तेव्हा ते काही न बोलता आत गेले, बऱ्याच वेळानं बाहेर आले आणि त्या दोघांचं बरोबर आहे म्हणाले, असं त्यांच्या शिष्यांकडून सांगितलं जातं.

त्याच लंडनमध्ये, त्याच प्रयोगशाळेत, एक तपकिरी कुत्रा होता. डिसेंबर १९०२ मध्ये त्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधली गेली. २ फेब्रुवारी १९०३ रोजी ती पाहण्यासाठी त्याचं पोट पुन्हा उघडलं, आणि लगेच बेलिस यांनी विद्यार्थ्यांसमोर त्याच्याच लाळग्रंथीवर लुडविग यांचा दाबाचा प्रयोग दाखवायला घेतला. प्रेक्षकांत दोन स्वीडिश तरुणी होत्या. कुत्र्याला पुरती भूल नव्हती, असं त्यांनी लिहिलं. प्रकरण कोर्टात गेलं. बेलिस बदनामीचा दावा जिंकले आणि त्यांना दोन हजार पौंड मिळाले. पण १९०६ साली बॅटर्सी या कामगार वस्तीत लोकांनी त्या कुत्र्याचा पुतळा उभारला. १९०७ मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पुतळ्याविरुद्ध दंगे केले, पोलिसांना पहारा ठेवावा लागला, आणि १९१० साली तो रातोरात हलवला गेला. १९८५ मध्ये तिथं दुसरा पुतळा आला. कोणाची बाजू घ्यावी, हे मला आजही ठरवता येत नाही. त्या प्रयोगशाळेत जे कळलं त्यावर आजची औषधं उभी आहेत. आणि त्या कामगारांना एका मुक्या जिवासाठी रस्त्यावर उतरावंसं वाटलं, तेही मला मोठंच वाटतं.

हिंगोलीत राहून कुत्र्याची गोष्ट सांगायची आणि नरसीला जायचं नाही, हे शक्य नाही. कयाधूच्या काठचं नरसी हे नामदेवांचं जन्मगाव मानलं जातं. कुत्र्यानं भाकरी पळवली तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागं धावले, कोरडी खाऊ नकोस म्हणाले, ही कथा इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक. तिला शास्त्राची एक ताजी जोड मिळाली आहे. कुत्र्याच्या लाळेत पिष्ट फोडणारं विकर जवळजवळ नसतं. ते सगळं काम त्याचं स्वादुपिंड करतं. २०१३ साली स्वीडनच्या संशोधकांनी लांडगे आणि कुत्रे यांची जनुकं ताडून पाहिली. ते विकर बनवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती असतात, कुत्र्यात चारपासून तीसपर्यंत. हजारो वर्षं शेतकऱ्याच्या दारात उष्टं खाऊन लांडग्याचा कुत्रा झाला, तो असा पोटाच्या आतूनही झाला. माणसाचंही तेच. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की धान्य-कंद खाणाऱ्या समाजांत लाळेतल्या विकराच्या जनुकाच्या प्रती जास्त असतात. या प्रती माणसागणिक कमीजास्त असतात. पण त्यांचा संबंध लागतो तो पूर्वजांच्या ताटाशी. ज्याच्या वाडवडिलांनी भाकरी खाल्ली त्याच्या लाळेला भाकरी कळते, मग तो वाडा वेशीच्या आत असो की बाहेर.

मडक्याची बाजू घेणारा कुणी म्हणेल, थुंकीतून रोग पसरतात, म्हणून काळजी घेत असतील. रोग पसरतात हे खरंच आहे. पिसाळलेल्या कुत्र्याचा विषाणू लाळग्रंथीतच दबा धरतो, गालगुंडाचाही तिथंच. क्षयाचे जंतू खोकल्या-थुंकीतून येतात. पण रोगाला जात कळत असती तर मडकं एकाच्याच गळ्यात शोभलं असतं. २०२० साली कोरोना आला तेव्हा सार्वजनिक जागी थुंकणं देशभर दंडाचा गुन्हा ठरलं, आणि मुखपट्टी सरपंचापासून सालगड्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडावर आली. थुंकीपायी सगळ्यांवर सारखंच बंधन आलेलं मी आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. गुटख्यावर महाराष्ट्रानं २०१२ साली बंदी घातली, तरी बसस्थानकाच्या कोपऱ्यांचा रंग काही बदलला नाही. तिथं थुंकणाऱ्यांत कोण कुठल्या आळीचा, हे त्या भिंतीवरून सांगता येत नाही. सुपारीनं जबडा आखडतो, तोही सगळ्यांचा.

हे सगळं सांगताना माझ्या बाजूचं एक सांगायला हवं. आमच्याकडे दस्तरखानावर एका ताटात चौघं जेवतात, उष्ट्याचा विटाळ नाही. पण डुकराचं नाव निघालं की हात आखडतो. आता पाहा: दीर्घ सुजेनं ज्याचं स्वादुपिंड निकामी झालं, त्याला पचनासाठी जी विकरं गोळीतून दिली जातात, ती डुकराच्या स्वादुपिंडापासून काढलेली असतात. माणसाच्या रसाला त्या प्राण्याचा रस फार जवळचा आहे. शाकाहारी घरातल्या रुग्णाला हे कळलं की तोही थबकतो, आणि नमाजी रुग्णही. जीव वाचवण्यासाठी दुसरा इलाज नसेल तर निषिद्ध गोष्टीचीही मुभा असते, असं अनेक उलेमा सांगतात. पण रुग्णाच्या मनाला ते पटायला वेळ लागतो. या गोळीवर एक वेष्टण असतं. जठराच्या आम्लात ते टिकतं आणि आतड्यात पोचल्यावर विरघळतं. ती उपाशीपोटी घेऊन उपयोग नाही, जेवण झाल्यावर आठवली तरी उशीरच. पहिल्या घासाबरोबर घ्या, असं डॉक्टर सांगतात.